जपानी पीठ

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. माझं खरं वजन, लग्नाआधी एका मुलाच्या पत्राला मी उत्तर पाठवलं होतं ते, सासूबाईंची लोणच्याची बरणी मांजरानं नाही, मी फोडली होती तेही. ही एक गोष्ट मात्र त्याला माहीत नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही. देवापुढे बसते तेव्हाही मी ती मनातल्या मनात उच्चारत नाही — दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या घरी कधी येणार नाही, कमलला कधी भेटणार नाही, म्हणून असेल. म्हणजे हाही भित्रेपणाच की.

लगेच सांगून मोकळं व्हायला हवं, नाही का? दोन मिनिटांचं काम आहे. पण ते मी कितीदा तरी जिभेवर आणलंय आणि गिळलंय, तेव्हा मला जरा माझ्या वाटेनं येऊ द्या.

मी सॉस करते. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही सुरतेला आलो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. अडाजणला फ्लॅट घेतला, मुलगी इथंच शिकली, आमच्याशीसुद्धा गुजरातीत भांडायला लागली, लग्न होऊन बडोद्याला गेली. घर रिकामं झालं तेव्हा मी खालच्या फरसाणवाल्याला खजूर-चिंचेची चटणी करून द्यायला लागले. सुरतेचे लोक खाण्यापायी काय करतील सांगता येत नाही — रविवारी संध्याकाळी या शहरात चूल पेटलेलं एक घर शोधून दाखवा. चटणीवरून मी सॉसवर आले, फरसाणवाल्यावरून कॅफेंवर आले. मागची बाल्कनी बंद करून तिथं दुसरा ओटा घातला. नदीपलीकडच्या वेसूपर्यंत 'मासीचा सॉस' म्हणून नाव झालं. नाव झालं की माणूस शेफारतो. मी बरीच शेफारले होते.

त्या ओट्यावर माझ्याबरोबर कमल असते. कमल शिरपूरकडची. लग्न होऊन इथं सुरतेतच, भेस्तानला आली. नवरा डाइंग मिलमध्ये, मुलगा विनोद लूमच्या खात्यात. सातवी शिकलेली आहे, मराठी स्वच्छ वाचते, पण बोलते अहिराणीत, आणि नऊ वर्षांत मला त्याची इतकी सवय झालीये की कधीकधी मीच 'काय शे?' म्हणून जाते. आणि तिची जीभ — काय सांगू तुम्हाला! चटणीतला गूळ नेहमीच्या दुकानातला नाही, हे चमचा तोंडातून बाहेर यायच्या आत सांगते.

इथं एक लहान कबुली आधी देऊन टाकते, म्हणजे मोठीला वाट होईल. माझं नाक गेलेलं आहे. करोनात गेलं ते परत आलंच नाही. सगळ्यांना सांगितलं की दोन महिन्यांत आलं. नवऱ्यालाही तेच सांगितलंय. गोड, आंबट, खारट, तिखट हे जिभेला कळतं. पण खमंग म्हणजे काय ते मला आता आठवून सांगावं लागतं. भाजलेल्या तिळाचा, खोबऱ्याचा, तुपाचा वास — काही नाही. आता सांगा, सॉस करून विकणाऱ्या बाईनं हे कुणाला सांगायचं?

कमलला ते सांगावं लागलं नाही. एकदा कढईत तीळ जळत होते आणि मी शेजारी उभी राहून फोनवर बोलत होते. ती आली, गॅस बंद केला, काळे तीळ फेकून दुसरे भाजायला घेतले. माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक पातेल्यात ती आधी चमचा घालायला लागली, न सांगता, जणू तो नियमच होता. बाहेर कुणापाशी अवाक्षर नाही. कॅफेवाल्यांसमोर तर ती मुद्दाम म्हणायची, "ताईना हातनी चव शे." माझं गुपित तिनं असं सांभाळलं. आणि मी —

थांबा. क्रमानं सांगते.

वेसूत हर्षिल नावाच्या एका मुलाचं नवं कॅफे उघडायचं होतं. जपानला जाऊन आलेला, डोक्यात शंभर कल्पना. उद्घाटनाच्या दहा दिवस आधी, एका बुधवारी, तो दोन डबे घेऊन माझ्याकडे आला. आत तपकिरी पूड होती, भाजलेल्या नाचणीच्या पिठासारखी. "मासी, आ शेकेली चा छे, जापाननी," तो म्हणाला. होजिचा म्हणतात तिला. हिरव्या चहाची पानं भाजायची आणि मग दळायची. त्याला दोन सॉस हवे होते. एक गोड, माव्याच्या घारीवर आणि आइस्क्रीमवर ओतायला. एक तिखट-खारा, लोचोवर, म्हणजे इथल्या त्या मऊ, वाफवलेल्या डाळीच्या फरसाणावर घालायला. लोचोवर जपानी चहाचा सॉस! मी हसले, पण हो म्हणाले. सुरतेत काहीही खपतं, आणि मला नाही म्हणता येत नाही.

त्याच दिवशी दुपारी कमलचा फोन आला. ती तीन दिवस कामावर आली नव्हती. तिची सून ज्योती पाचव्या महिन्यात होती. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती, आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. कमल म्हणाली, "ताई, मी चहा सोडी दिधा. वणीनी आईनी बाधा लिधी शे." नवसच तो — बाळ मांडीवर येईपर्यंत, त्याला वणीच्या गडावर नेऊन देवीच्या पायावर घालेपर्यंत, चहाचं पान पोटात जाऊ द्यायचं नाही.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोलले. म्हटलं, देवीला तुझ्या चहाशी काय देणंघेणं? ती हसली. म्हणाली, "माले सगळ्यात प्यारी वस्तू तीच शे. दुसरं काय देऊ?" आणि खरंच होतं ते. कमल म्हणजे दिवसाला सहा कप. जेवणाच्या डब्याबरोबर चहाची छोटी बाटली वेगळी आणायची, माझा चहा तिला पाणचट लागायचा. तिनं चहा सोडणं म्हणजे दुसऱ्या कुणी मीठ सोडण्यासारखं होतं. मी फोन ठेवला, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? ज्योतीचा? नाही. मला वाटलं, आता हा सॉस चाखणार कोण?

गुरुवारी मी एकटीनं करून पाहिलं. गुळाचा पाक केला, साय घातली, पूड घालून उकळी आणली. पूड गुठळ्या धरून बसली. त्या फोडल्या तर सॉस तुरट झाला. तुरटपणा जिभेला कळतो, तेवढा मलाही कळला. पण भाजल्याचा वास त्यात राहिला की गेला? मी पातेल्यावर वाकून उभी राहिले, श्वास ओढत राहिले, आणि कोमट वाफेपलीकडे काही नाही. नवऱ्याला चाखायला दिलं. तो म्हणाला, "छान आहे." दुसरं दिलं, तेही छान. या माणसाला करपलेली भाजीही छान लागते, त्यावर आमचा संसार टिकलाय, पण सॉस टिकत नाही. हर्षिलला फोन करून 'जमणार नाही' म्हणायचं? का, असं त्यानं विचारलं तर? उतारवयात मिळालेलं एवढंसं नाव, ते असं जाणार — त्या वेळी मला याहून मोठं संकट दिसत नव्हतं.

शुक्रवारी कमल आली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, डोळे लाल. चहा सोडल्याचं डोकं पाच दिवस ठणकत होतं. आल्याआल्या कौतुकानं सांगितलं — सकाळी ज्योती पलंगावरून उठली आणि सासूसाठी तुळशी-आल्याचा काढा करून आणला. कमल तिला रागावली, पडून राहायचं सोडून हे काय, म्हणून. तर ज्योती म्हणे, "आई, घोटभर चहाच घ्या ना. देवी काय इतली कडक शे का?" हे सांगताना कमल हसत होती. सुनेवर तिचा जीव होता, हे तुम्हाला कळायला हवं.

मग ती ओट्यापाशी आली. मी पातेल्यातून चमचा भरून पुढे केला. तिनं तो तोंडाजवळ नेला, वास घेतला, आणि थांबली.

"हाई काय शे ताई? चहा ते नही ना?"

मी म्हणाले, नाही गं. जपानी पीठ आहे. धान्य भाजून करतात, आपल्या सातूसारखं.

मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की ते तोंडातून निघून गेलं. घाईत, चमचा हातात असताना, माणूस बोलून जातो. पण ते तसं नव्हतं, आणि आता अर्धवट सांगण्यात काय अर्थ? हर्षिलचे ते दोन डबे मी आदल्या दिवशीच लपवले होते. पूड स्टीलच्या डब्यात काढून ठेवली होती. त्या डब्यावर कागद चिकटवला होता, आणि कागदावर मोठ्या, ठळक, मराठी अक्षरांत लिहिलं होतं — 'जपानी पीठ'. आमच्या ओट्यावरच्या बाकी एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. ती कुणासाठी लिहिली होती? कमल मराठी वाचते म्हणूनच ना?

तिनं डब्याकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि चमचा तोंडात घातला.

मग दिवसभर आम्ही कामात बुडालो. आणि हे सांगताना मला लाज वाटते, पण तो दिवस फार छान गेला. कमलची जीभ चालायला लागली की बघत राहावं. ती म्हणाली, पीठ उकळू नका, "कडू व्हई जास." आधी चाळून, कोमट पाण्यात कालवून, गॅस बंद केल्यावर शेवटी घाला. मिठाची चिमूट टाका. गोड सॉस तिसऱ्या खेपेला जमला. तिखटाला जास्त वेळ लागला. सोया सॉस, तीळ, मिरची सगळं होतं, पण तिच्या मते 'अंग' नव्हतं. मग तिनं त्यांच्या खान्देशी काळ्या मसाल्यासारखं सुकं खोबरं आणि कांदा थेट गॅसवर काळा होईतो भाजला, शेंगदाण्याबरोबर वाटला, त्यात ते कालवलेलं 'पीठ' घातलं. चाखलं, डोळे मिटले. "आते वास उना, ताई." मी माणूस म्हणून त्या क्षणी काय होते? खूश होते. चमच्यामागून चमचा तिच्या हातात देत होते. सोळा-सतरा तरी झाले असतील.

चारच्या सुमाराला तिनं डोक्याची ओढणी सोडली. म्हणाली, "मनं डोकं उतरी गयं. आईनी ऐकं मनं." आणि वणीच्या दिशेनं हात जोडले. मी पाठ फिरवून भांडी विसळायला लागले.

हर्षिलचं कॅफे चाललं. लोचोवरचा सॉस तर लोक बाटली भरून मागायला लागले, कांद्याशिवायचा वेगळा करावा लागला. दर मंगळवारी आम्ही दोन्ही सॉस करायचो आणि दर मंगळवारी कमल चाखायची. आता सांगायची काय गरज, असं मला वाटायचं. ज्योतीचं अंगावरचं थांबलं होतं. बाळ होईल, गडावर जातील, बाधा फिटेल. मग एखाद्या दिवशी हसत हसत सांगून टाकू. आणि नाहीतरी चहा पिणं वेगळं आणि सॉसमध्ये चिमूटभर असणं वेगळं, नाही का? असले युक्तिवाद मला चांगले येतात.

सातव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगा होता. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं — वारेचा दोष. मी भेस्तानला भेटायला गेले तेव्हा ज्योती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कमल तिच्या तळपायांना तेल लावत होती. एकही शब्द कुणी कुणाला उणा बोललं नव्हतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या घरात तेव्हा दुःख होतं, भांडण नव्हतं.

मला कळतं हो, मूल चहानं जात नाही. मी शिकलेली आहे. हेच मी स्वतःला शंभरदा बजावलं आणि त्यानं मला त्या दिवसांत झोपही लागली. मी मूल मारलं असं मी म्हणत नाहीये. मी जे केलं ते त्याच्या नंतरचं आहे.

महिन्यानं कमल कामावर आली. यायची, चाखायची, हात धुऊन घरी जायची. दोन मंगळवार तसेच गेले. तिसऱ्या खेपेला ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. ती रोज देवीला विचारत होती की चूक कुठे झाली. आणि तिला तो शुक्रवार आठवला होता. चहा सोडला की माझं डोकं दहा-दहा दिवस दुखतं, ती म्हणाली, आधीही एकदा सोडला होता तेव्हा असंच. मग त्या दिवशी दुपारी एकदम कसं उतरलं? देवीची कृपा म्हणून मी हात जोडले. पण कृपा असती तर असं झालं असतं का? "चहा मना पोटमा गया व्हता, ताई. अंगले कळस."

किती बरोबर होती ती! सतरा चमच्यांचा हिशेब तिच्या अंगानं ठेवला होता.

मग तिनं मान वर केली. फळीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही माले त्या दिन जे चाखाले दिधं, ते पीठच व्हतं ना?"

आरोप नव्हता त्यात. तिला माझ्यावर विश्वास होता. तिला फक्त खात्री करायची होती. इतका रुंद दरवाजा कुणी कुणासाठी उघडत नाही. मी 'नव्हतं' म्हणाले असते तर काय झालं असतं? ती रडली असती, ओरडली असती, कदाचित काम सोडून गेली असती. जाताना माझ्या नाकाचं सांगितलं असतं? नाही, तिनं तेही सांगितलं नसतं. पण मला त्या वेळी फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि ते माझ्यावरून हलायला हवे होते.

मी म्हणाले, "पीठच गं." आणि तेवढ्यावर थांबले असते तरी मी आज हे लिहीत बसले नसते.

मी पुढे विचारलं, "त्या दिवशी सकाळी ज्योतीनं तुला काढा दिला होता ना?"

बस्स. एवढाच प्रश्न. मी ज्योतीवर काही ढकललं नाही, असं कुणालाही शपथेवर सांगता येईल. आवाजही मऊ ठेवला होता मी, काळजीचा. कमलच्या चेहऱ्यावर काहीतरी बसलं — घट्ट बसलं. 'घोटभर चहाच घ्या ना' हे ज्योतीचं बोलणं तिला आठवलं, हे मला समोर बसून दिसलं. ते आठवावं म्हणूनच तर मी विचारलं होतं. ती उठली, हात धुतले, पिशवी घेतली आणि दुपारीच घरी गेली. मी तिला थांबवलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं फास चोरानंच वळून दिला होता.

घरी काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. कमलनं विचारलं. ज्योती म्हणाली, काढ्यात चहा नव्हता. पण 'घोटभर घ्या' म्हणाली होतीस ना? हो, म्हणाले होते. तेवढं पुरलं. मूल गमावून दोन महिने झालेल्या मुलीला घरातल्या बायका विचारायला लागल्या की तू बाधा का मोडलीस. विनोद गप्प राहिला. आईसमोर तो नेहमीच गप्प राहतो. ज्योतीचा भाऊ आला आणि तिला माहेरी, शहाद्याला घेऊन गेला. कमल मला एवढंच म्हणाली, "तिनीच काढामा चहा टाका. आते कबूल बी करत नही." ती रडत होती. मी तिला पाणी दिलं.

मग एक दिवस ज्योतीचा फोन आला. माझा नंबर तिच्याकडे होता, सासूला उशीर झाला की ती मला फोन करायची. आवाज इतका हळू होता की मला गॅस बंद करावा लागला. म्हणाली, "मावशी, त्या दिवशी आई दिवसभर तुमच्याकडे होत्या. चहा दुसरीकडून कुठून गेला असेल का? तुम्ही नुसतं एवढं सांगा त्यांना, की ज्योती असं करणार नाही. तुमचं ऐकतात त्या."

ती मला दोष द्यायला तयारही नव्हती. तिला तेवढीही शंका आली नव्हती. तिला फक्त माझा एक चांगला शब्द हवा होता. तो देऊनही मी सुटले असते. खरं न सांगताही तिची बाजू घेता आली असती. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुमच्या घरातल्या गोष्टीत मी कशी पडू, ज्योती?" ती "बरं मावशी" म्हणाली. तिनं पुन्हा कधी फोन केला नाही.

का बोलले नसेन मी? नावाला भ्यायले, कमलला भ्यायले, नवऱ्याच्या नजरेला भ्यायले. ही कारणं आहेत, यातलं एकही पुरेसं नाही, आणि मी ती तुमच्यापुढे पुरेशी म्हणून मांडतही नाही. बोलायला मला दीड वर्ष होतं. त्या दीड वर्षात कमल आठवड्यातले सहा दिवस माझ्या हाताच्या अंतरावर उभी होती. तिनं चहा कायमचा सोडलाय. बाधा फिटली नाही म्हणजे सुटलीही नाही, असं ती म्हणते. बाधेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तिचं डोकं दुखायचं, आणि मंगळवारी दुखायचं थांबायचं. ते तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

गेल्या महिन्यात शहाद्याला पंच बसले आणि फारकत झाली. ज्योती आता तिथंच एका शिवणकामाच्या दुकानात जाते, असं ऐकलं.

परवा मंगळवारी कमल पेढे घेऊन आली. बऱ्याच दिवसांनी चांगली साडी नेसलेली होती. विनोदचं दुसरं ठरलं, मुलगी चोपड्याची. फोटो दाखवला. म्हणाली, "पोर साधी शे, ताई. तिना मनमा कपट नही." मी पेढा घेतला, तोंडात टाकला, म्हणाले, चांगलं झालं गं. फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि मुलीचं नाक छान आहे असंही म्हणाले.

ओट्यावर हर्षिलचा सॉस निवत होता. कमलनं पेढ्यांचा डबा बाजूला ठेवला, हात धुतले, पदर खोचला आणि चमचा मागितला. मी भरून दिला. तिनं चाखला, क्षणभर डोळे मिटले.

"बरोबर शे," ती म्हणाली.

मग मी बाटल्या भरायला घेतल्या.